विमानानं सात तास

नातवाच्या विमानाच्या तिकिटावर ‘पुणे ते कलकत्ता, अडीच तास’ वाचलं आणि वडूजचं घर आठवलं. लढाईचे दिवस होते. फौजेतला थोरला भाऊ कलकत्त्याच्या इस्पितळात अत्यवस्थ असल्याची तार आली होती. घराण्यातला पहिला बी.ए. मी. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं आणि ऐटीत सांगितलं, “हजार मैल. विमानानं सात तास.”

आई लगेच चुलीपुढं बसली. “सातच तास? मग भाकरी मऊ हाय तवर पोचू की रं!”

विमान आपल्यासाठी नसतं, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

आगगाडीनं आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. भावाची खाट रिकामी होती. बुरशी आलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं पोटाशी धरून आई एवढंच म्हणाली, “तुजं सात तास लय लांबलं रं.”