तोंडात खिळे

सोफावाले मामा गप्प बसलेले गल्लीत कुणी पाहिले नव्हते. गिऱ्हाईक मोडकी खुर्ची घेऊन आलं, की मामा आधी खुर्चीची, मग गिऱ्हाइकाची आणि जमलंच तर त्याच्या सासूची विचारपूस करत. फक्त कुणी देवाचा विषय काढला, की त्यांचा हात डब्यात जायचा आणि चिमूटभर बारीक खिळे तोंडात. कापड ठोकताना खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून हातोडीखाली द्यायचा, ही या धंद्यातली रीतच. खिळे धरलेल्या माणसाला बोलायला कोण लावणार?

मामी रोज सकाळी प्रार्थनेला बसत. शेजारी मामा, हात जोडून. लग्न झाल्यापासून असंच.

त्या दिवशी लेकीने नाश्ता करता करता सांगून टाकलं, की आता ती प्रार्थनेला बसणार नाही. मनात नाही, तर सोंग कशाला. मामींनी ना भांडं आपटलं, ना आवाज चढवला. तडक दुकानात आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही समजवा तिला, तुमचं ऐकते ती.

मोठ्या सोफ्याची पाठ उभी करून ठेवली होती. तिला बटणं लावायची होती. मामा पुढून लांब सुई आरपार घालत, मामी मागून दोरा ओढून गाठ मारत. मध्ये सोफा, त्यामुळे कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. मामी मागून बोलत राहिल्या. लोकांचं एक वेळ जाऊ दे, पण उद्या अडचण आली तर ही पोरगी कुणाचा धावा करणार? पुढून नुसतं ‘हं, हं’, तेही घशातून.

मामी वळसा घालून पुढे आल्या.

“अहो, बटणांना खिळे कुठे लागतात?”

मामांनी खिळे तळहातावर काढले.

“तिला काय समजावू? माझंही तसंच आहे.”

“म्हणजे?”

“आई गेली तेव्हापासून. हात जोडतो, पण आत काही होत नाही. वाटलं होतं, ते आतलं परत येईल. नाही आलं.”

मामी स्टुलावर टेकल्या. “मग रोज माझ्याशेजारी कशाला बसता?”

“तू एकटी पडशील म्हणून.”

“एकटीच होते की मग. मला ठाऊक नव्हतं, इतकंच.”

मामांचा हात सवयीने डब्याकडे गेला. मामींनी डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एकेक विचारायला लागल्या. सासूबाईंच्या आजारपणात काय मागितलं होतं? राग आला होता, की नुसतं रिकामं वाटलं? मला मनातल्या मनात हसत होतात का? हसलो कधीच नाही, मामा म्हणाले, उलट हेवा वाटायचा तुझा. मामींची श्रद्धा तसूभर हलली नाही, मामांचीही काही परत आली नाही. बटणांची एक अख्खी रांग मात्र राहून गेली.

“लेकीशी मी बोलते,” मामी उठत म्हणाल्या. “तिला विचारते, केव्हापासून असं वाटतंय.”

“मीपण येतो.”

“या. पण तोंड रिकामं ठेवून.”

आणि डबा बगलेत मारूनच त्या राहिलेल्या बटणांसाठी सोफ्यामागे गेल्या.