दार आणि कवाड

मी राजूरकडची. आमच्या डोंगरात तिन्हीसांजेला कोंबड्या आत घेतल्या की दाराला आधी कडी लागते, मग अडसर, कारण बिबट्या अंगणापर्यंत येतो. लग्न होऊन शनिशिंगणापुरात आले, तर घराला चौकट होती, उंबरा होता आणि मध्ये एक पडदा. बस्स. इथे चोरी होत नाही, देव बघतो, असं मला जो तो सांगायचा. चोराची भीती मला नव्हतीच. पण बिबट्याला हे कुणी सांगितलंय का, असं नव्या सुनेनं विचारायची सोय नव्हती. पहिले काही महिने मी एक डोळा उघडा ठेवूनच झोपले.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या घरामागच्या खोलीत पेढे करायच्या. मोठ्या कढईत दूध आटत असायचं, त्या उलथणं घेऊन उभ्या असायच्या, आणि बाहेरून येणारे-जाणारे चौकटीतूनच त्यांच्याशी बोलून पुढे जायचे. देवळाच्या रस्त्यावरची दुकानं त्यांचे पेढे ठेवायची. मग नियम कडक झाले. खोक्यावर परवान्याचा नंबर हवा, पेढे कधी केले आणि कधीपर्यंत खावेत हे हवं. नंबर नसेल तर आम्हाला तुमचा माल ठेवता येणार नाही, असं दुकानदार हात जोडून सांगून गेले.

परवान्यासाठी तपासणीला साहेब आले. माणूस सभ्य होता. चपला बाहेर काढल्या, पाण्याची टाकी उघडून पाहिली, पेढा तोंडात टाकून मान डोलावली. मग म्हणाले, "बाकी ठीक आहे. खोलीला तेवढं दार बसवा."

"दार हाय की," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी त्यातनंच आत आला."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, म्हातारी आपली फिरकी घेतेय. पण आत्याबाई अगदी सरळ बोलत होत्या. त्यांच्या लेखी दार म्हणजे आत-बाहेर करायची जागा. तिला जे लावतात ते कवाड. गावात दार प्रत्येक घराला आहे, कवाड कुणाच्याच नाही. साहेबांना हवं होतं ते कवाड, तेही जाळीचं आणि आपोआप मिटणारं, माश्या आत येऊ नयेत म्हणून. मराठीचं मराठीत भाषांतर करायची वेळ माझ्यावर आली.

"मंग न्हाई जमायचं," आत्याबाई म्हणाल्या. "माश्यांसाठी कवाड लावलं, तर देवाला काय सांगू?"

साहेबांनी आवाज चढवला नाही. नियम सगळीकडे एकच असतो, गाव बघून बदलता येत नाही, एवढं बोलून ते गेले. मला त्यांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर माश्या होत्याच. आत्याबाईंनी जुनी मच्छरदाणी कापून चौकटीला टांगली, तर ती वाऱ्यानं उडून कढईत येऊ लागली.

शेवटी आमच्या ह्यांनी गावाच्या शिवेबाहेर, औद्योगिक वसाहतीत शेड घ्यायचं ठरवलं. तिथलं सगळं नकाशावर आखलेलं. खाण्याच्या वस्तू एका ओळीत, रंग-रसायनं पार दुसऱ्या टोकाला आणि मधे झाडांचा पट्टा. झाडं अजून नकाशातच होती, पण शेड खऱ्या होत्या. पांढऱ्या फरशा, हात धुवायला वेगळा नळ, खवा घोटायचं मशीन आणि स्प्रिंगवर मिटणारं जाळीचं दार. मला ते दार फार आवडलं. पहिल्या दिवशी मी ते उगीचच उघडून सोडत बसले. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीमागे काहीतरी मिटत होतं.

परवाना मिळाला. खोक्यावर 'घरगुती पेढे' छापायचं आम्ही ठरवलं होतं, पण कारखान्यात केलेल्या मालाला घरगुती म्हणता येत नाही, असं कळलं. घरी करत होतो तेव्हा कवाड नाही म्हणून विकता येईनात, आता कवाड आहे तर घरगुती म्हणता येईना. हे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

त्या शेडवर येतच नव्हत्या. "तुमी करा. मी हाय हितं," एवढंच. जन्मभर कढईपुढे उभी राहिलेली बाई दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायची, ते मला बघवत नव्हतं. त्यांनी यावं, मशीनला नावं ठेवावीत, आमच्यावर खेकसावं, एवढंच मला हवं होतं. रोज निघताना मी म्हणायचे, "आत्याबाई, चला ना." त्या म्हणायच्या, "बघू."

एका संध्याकाळी घरी आले, तर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेल्या.

"आज आल्ते मी तुमच्या शेडवर," त्या म्हणाल्या. "दुधाच्या टेम्पोत बसून."

"मग आत का नाही आलात?"

"कवाड लावल्यालं हुतं."

आमच्या गावात घरातली सगळी माणसं बाहेर गेली की चौकटीला एक फळी टेकवून ठेवतात, कुत्री आत शिरू नयेत म्हणून. बोट लावलं तरी ती पडेल, पण कुणी हात लावत नाही. फळी दिसली की घरात कुणी नाही, असं समजून माणूस मागे फिरतो. टकटक करायची सवय इथे कुणाला असणार? मी आणि कामाला ठेवलेल्या बायका, आम्ही सगळ्या आत होतो, जाळी नियमाप्रमाणे मिटलेली होती आणि बाहेरच्या उन्हातून तिच्याआड अंधारच दिसतो.

"मशीनचा आवाज येत असेल की," मी म्हणाले.

"शेतातली मोटार न्हाई का मानसाबिगर चालत? मला वाटलं, जेवाया गेल्या आसतील समद्या. बसले बाहीर वाट बघत. कोन आलं न्हाई. मंग निघाले."

ती शेड ह्यांनी आत्याबाईंच्याच नावावर घेतली होती.

"नुसतं ढकलायचं होतं, आत्याबाई."

"दुसऱ्याचं कवाड?" त्या म्हणाल्या.