दोन पंपांचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चार घोट पोटात गेल्यावर मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवी मुंबईत, पावणे गावाजवळ एका गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. काम काय, तर कारखान्यात शेजारी शेजारी घरघरणाऱ्या दोन पंपांसमोर दोन माईक ठेवायचे आणि त्या मिसळलेल्या आवाजांतून प्रत्येक पंपाचा आवाज वेगळा काढायचा — कुठला बिघडतोय ते कळावं म्हणून. टेपवर रेकॉर्डिंग करून ते कॉम्प्युटरमध्ये भरणं माझं काम. प्रोग्राम लिहायची संगीता.

संगीता तळवलीची. गावची जमीन नव्या शहरात गेलेली, घरात पगार आणणारी ती एकटीच, आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायची. मी सगळ्यांसमोर तिची नक्कल करायचो. हो, तेही मीच.

प्रोग्राम आवाज वेगळे करेचना! तो अंदाजाने सुरुवात करून दर फेरीत थोडा थोडा सुधारत जायचा — म्हणजे जायला हवा होता. सुधारणेचं पाऊल मोठं ठेवलं की आकडे भरकटायचे, लहान ठेवलं की जागचे हलायचे नाहीत. आठवडेच्या आठवडे हीच डोकेफोड. वैताग नुसता! साहेब माझ्यावर उखडायचे, मी तिच्यावर. एकदा तिने भीत भीत विचारलं, “सर, दोनी माईकचे आवाज कॉम्प्युटरमध्ये येगलेच जातात ना?” मी ताडकन म्हणालो, “मला रेकॉर्डिंग शिकवू नकोस.” बिचारी परत आपल्या आकड्यांकडे वळली.

आणि मग एका संध्याकाळी टेपची वायर सरळ करायला मी कॉम्प्युटरच्या मागे वाकलो. वायर माईकच्या सॉकेटमध्ये होती. तिथून एकच आवाज आत जातो. दोन आवाजांचं सॉकेट शेजारचं. म्हणजे इतके दिवस मी पोरीला एकच रेकॉर्डिंग दोनदा देत होतो! त्यातून दोन पंप वेगळे कसे निघणार? देव आला असता तरी निघाले नसते.

मी वायर तशीच ठेवली. तिच्यावर इतका ओरडलो होतो — आता कुठल्या तोंडाने सांगणार? उद्या बघू म्हटलं.

उद्याच साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं. चूक नक्की कुठे आहे, त्यांनी मला विचारलं. संगीता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “प्रोग्राममध्ये.” एवढंच. महिनाअखेरीला तिला घरी बसवलं.

ती गेल्यावर मी वायर बदलली, टेप पुन्हा भरली, तिचा प्रोग्राम चालवला. पहिल्या झटक्यात दोन्ही पंप वेगळे! मला आनंद झाला — हेही सांगून टाकतो. साहेबांनी पाठ थोपटून विचारलं, काय बदललंस? पाऊल थोडं लहान केलं, मी म्हणालो.

खोटं. प्रोग्राममध्ये मी एकच गोष्ट बदलली होती — पहिल्या ओळीतलं तिचं नाव काढून माझं घातलं होतं.