फुकट नाही घेतली

बकुळामावशींना ‘फुकट’ या शब्दाचीच चीड होती. घोडपदेवच्या आमच्या चाळीत त्या समोरच्या खोलीत राहायच्या. महापालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी करून रिटायर झालेल्या. आमच्याकडून माशाचं कालवण गेलं की वाटी कधी रिकामी परत यायची नाही. घरात काहीच नसलं तर दोन लिंबं तरी असायची. मी वैतागायचो. “मावशी, आपण शेजारी आहोत की दुकानदार?”

“फुकट घेतलं की मान खाली जाते रे रघु. ती वर करायला आमच्या दोन पिढ्या गेल्या.”

मी गुमान लिंबं घ्यायचो.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी संघमित्रा बाळंत झाली. तिला हॉस्पिटलातून घरी आणायला मीच माझी गाडी देऊ केली. मावशी तयार होईनात. शेवटी त्यांचा मुलगा धम्मपाल म्हणाला, “आई, तिचे टाके ओले आहेत. टॅक्सीसाठी रस्त्यावर उभी करू का तिला?” तेव्हा कुठे कबूल झाल्या. जाताना माझ्या बायकोच्या, वैदेहीच्या हातात पैशांचं पाकीट कोंबायला लागल्या. तिनं घेतलं नाही, तर फ्रिजवर ठेवून चालत्या झाल्या.

परत येताना लालबागच्या पुलाच्या उतारावर पुढच्या टेम्पोनं कचकन ब्रेक मारला आणि धम्मपाल चालवत असलेली माझी गाडी मागून आदळली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. गाडीचं नाक मात्र पार चेपलं होतं. मावशी रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, “अहो, इन्शुरन्स गाडीचा असतो. मी स्वतः दिली, धम्मपालकडे लायसन्स आहे, मग चालवणारा दुसरा असला तरी चालतं.” आणि ते खरंच होतं.

मग इन्शुरन्स कंपनीचा माणूस चौकशीला चाळीत आला. भला माणूस होता. त्यानं धम्मपालला विचारलं, “गाडी तुमची नाही, मग तुमच्याकडे कशी?”

तो तोंड उघडायच्या आत मावशी पुढे झाल्या. “फुकट नाही घेतली साहेब. भाडं दिलंय आम्ही!”

सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं बोलल्या. त्या माणसानं ते लिहून घेतलं.

खाजगी गाडी भाड्यानं दिली की क्लेम मिळत नाही. तसं कंपनीनं कळवल्यावर माझं डोकंच फिरलं. पण कुणावर ओरडू? दुरुस्तीचा आकडा माझ्या आवाक्यातला नव्हता. धम्मपाल कंपनीत जाऊन भेटला. ते म्हणाले, आईंना घेऊन या, ते भाडं नव्हतं असं त्यांनी सांगितलं तर पुन्हा विचार करू.

“राहू दे मावशी, मी बघतो काय ते,” मी म्हटलं.

“माझ्या तोंडानं नुकसान झालं तुझं. मीच निस्तरते.”

वैदेहीनं पाकीट परत केलं. मावशींनी ते मुकाट घेतलं. ऑफिसात पांढरी साडी नेसून आल्या होत्या. टेबलापलीकडच्या मुलीनं साधेपणानंच विचारलं, “म्हणजे आजी, गाडी तुम्ही फुकट घेतली होती?”

मी मध्ये पडलो, “शेजारधर्म म्हणून मीच...”

“त्यांना बोलू द्या.”

मावशी टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या. “हो. फुकट घेतली.”

मान खाली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

क्लेम पास झाला. गाडी नव्यासारखी होऊन आली. मावशी बोलायच्या, हसायच्या, पण आमच्याकडून काही घेईनाशा झाल्या. कालवण पाठवलं तर दारातूनच, “आज जेवण झालंय गं.” वैदेही घरात येऊन रडायची.

थंडीत त्यांचा दमा वाढला. एका सकाळी धम्मपाल त्यांना धरून जिना उतरवताना दिसला. मी किल्ली घेऊन धावलो. खाली टॅक्सी उभी होती आणि तिच्या मागेच माझी गाडी.

“मावशी, माझी गाडी असताना टॅक्सी कशाला?”

त्यांना धड बोलवत नव्हतं. “एकदा घेतली ना रे,” एवढंच म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

त्या परत आल्याच नाहीत. हॉस्पिटलच्या दारात उतरताना मीटरचे पैसे त्यांनी स्वतःच्या हातानं दिले, असं धम्मपाल सांगत होता.