एबेर्तोच्या पेटीतली बुरशी

एबेर्तो फ्रिज दुरुस्त करतो. आमच्या सान्तियागो शहरात ज्याचा फ्रिज कुरकुरत का होईना अजून चालतोय, त्यानं एबेर्तोला एकदा तरी दुवा दिला असणार. पण घरातली एक काचेची पेटी काही या माणसाला धड ठेवता येईना, आणि तिच्यापायी त्यानं माझं इतकं डोकं खाल्लं की त्याच्या दारासमोर माझं दार असल्याचा मला पश्चात्ताप व्हायला लागला.

पेटीत पाली होत्या. भिंतीवरच्या नव्हेत, आमच्या डोंगरातल्या, करंगळीपेक्षा लहान आणि पट्ट्यापट्ट्यांच्या. आई वारली तेव्हा एबेर्तो गावी जाऊन बापाला, म्हाताऱ्या सातुर्निनोला, इथे अकराव्या मजल्यावर घेऊन आला. सामानात केळ्यांचा घड होता आणि घडात ही जोडी. दुसऱ्या कुणी झाडू घेतला असता. यानं मोडीतल्या फ्रिजच्या काचा जोडून पेटी केली, परत गावी गेला, आणि आईला पुरलं त्याच उतारावरची माती, नेचे, शेवाळ, पालापाचोळा पोत्यात भरून आणला. पालींना ओळखीची माती लागते म्हणे. लिफ्ट बंद होती, पोतं खांद्यावरून वर आलं.

पेटी दिसायला सुरेख झाली, खोटं कशाला बोलू. पण बुरशी धरली. तीही नेमकी सालीच्या तुकड्याजवळच्या कोपऱ्यात, जिथे मादी अंडं घालायची. ती एका वेळी एकच घालते, वाटाण्याएवढं. ते पांढऱ्या लवेत गुरफटायचं आणि काही दिवसांनी खपाटीला जायचं. पुढच्याची तीच गत, त्याच्या पुढच्याचीही. मग नर मेला. त्यानंतर मादीनं आणखी एक घातलं, तेव्हा एबेर्तो मला म्हणाला, हे शेवटचं. हे गेलं की संपलं.

तोवर त्यानं काय काय करून पाहिलं नव्हतं! तळाशी खडी आणि कोळसा घातला. काचेचं झाकण काढून जाळी बसवली. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला, तो वीज गेली की झोपायचा, आणि वीज इथे सारखीच जाते. फवारणी कमी केली, पिकलं केळं ठेवणं बंद केलं. बुरशी खाणारे बारीक पांढरे किडे सोडले. एकदा तर सगळी माती पातेल्यात घालून उकळली, अख्ख्या मजल्यावर चिखलाचा वास. तरी बुरशी त्याच कोपऱ्यात. मग वीजवाल्यांना शिव्या, पाणीवाल्यांना शिव्या, आणि शेवटी म्हणे गॅलरीत वाळणाऱ्या माझ्या कपड्यांमुळे हवा दमट होते. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. अबोला सोडला तेव्हा त्याला विचारलं, अरे बाबा, दमट हवा एकाच कोपऱ्यात कशी शिरते? माझ्या मनात केव्हाचीच शंकेची पाल चुकचुकत होती. "ताई, तुम्हाला यातलं कळत नाही," एवढंच तो म्हणाला.

मग एके दिवशी सकाळी मी सातुर्निनोला साखर द्यायला निघाले होते. त्याला हल्ली फार साखर लागायची. म्हाताऱ्याचे तेवढेच लाड, म्हणून मी माझ्या रेशनमधली द्यायची. दारात एबेर्तो भेटला. कामावर जायला बस मिळाली नाही म्हणून सगळे जिने चढून परत आला होता, धापा टाकत होता. आम्ही आत गेलो.

म्हातारा पेटीपाशी उभा होता. जाळी बाजूला, हातात कप, आणि तो सालीजवळच्या कोपऱ्यात थेंब थेंब कॉफी ओतत होता.

"बाबा, काय चाललंय?"

"तुझ्या आईला कॉफी देतोय. गावची रीतच आहे, आधी मातीला, मग माणसाला. विसरलास?"

एबेर्तोचा आवाज चढला. गोड कॉफी, बुरशीला आणखी काय हवं, इतके महिने मी कोळसा काय घालतोय, किडे काय सोडतोय!

"मग काय फरशीवर ओतू? तिनं फरशी चाटायची?" म्हातारा म्हणाला. "मला जिने उतरवत नाहीत. या घरात दुसरी माती आहे कुठे? आहे तीसुद्धा तू पातेल्यात उकळलीस. मी बोललो काही?"

 एबेर्तो रडवेल्या आवाजात म्हणाला, निदान दुसऱ्या कोपऱ्यात तरी ओतायची.

"दुसऱ्या कशाला? अंडं इथे असतं ना. तिला रोज सांगतो, पोराचा जीव त्यात अडकलाय, तेवढं सांभाळ. आधीची काही तिनं सांभाळली नाहीत. म्हणून साखर वाढवली."

मला दोघांचीही मानगूट धरून हलवावंसं वाटलं. दोघांना एकच गोष्ट हवी होती, दोघं एकाच पेटीपुढे उभे राहायचे, आणि एकानंही दुसऱ्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि साखर कुणाची, तर माझी; वाटी अजून माझ्याच हातात.

एबेर्तोनं कुंचल्याच्या टोकानं अंडं अलगद बाहेर घेतलं. एका बाजूनं खपाटीला गेलेलं, भोवती पांढरे तंतू. मला दिसलं. सातुर्निनोच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला दिसणार नव्हतं.

"कसं आहे?" त्यानं विचारलं. "तिला सांगायला हवं."

एबेर्तोनं ते तळहातावर घेतलं. मग त्यानं ते खिशात ठेवलं.

"सांगा तिला," तो म्हणाला, "पिल्लू आलं. छान आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मग आज तिला आणखी एक कप, असं म्हणत तो चाचपडत स्वयंपाकघरात गेला, माझ्या वाटीतली साखर घालून कॉफी घेऊन आला. एबेर्तोनं त्याच्यासाठी जाळी उचलून धरली.