गोजराबाईचा काळा पाटा

माझी सासू गोजराबाई देगलूरकडची, पाथरवटाची लेक. तोंडाची अशी फटकळ, की तारापूरजवळच्या सरावलीत, आमच्या झोपड्यांत गडीमाणसंही तिच्या वाटेला जात नसत. सहासष्ट साली तारापूरला बिजलीघराचं काम जोरात होतं, म्हणून आम्ही इकडं आलो. सासरे गावीच तापानं गेलेले. त्यांची छिन्नी-हातोडी तिनं बोचक्यात बांधून आणली होती.

खाणीवर मुकादम मारुतीनं पहिल्याच दिवशी सुनावलं, "बायांनी खडीच्या पाट्या उचलायच्या. छिन्नी गड्यांची."

"का रे? छिन्नीला मिशा असतात का?" सासू म्हणाली. "नवऱ्याच्या बरोबरीनं दगड घडवलाय मी. पाटी नाही उचलायची!"

बाया खुदखुदल्या. मारुती पेटला. "त्या काळ्या धोंडीतून अख्खा पाटा काढून दाखव, मग बस गड्यांच्या रांगेत. नाहीतर गपगुमान पाटी घे."

आणि इथंच बया माझी फसली! आमच्याकडचा दगड ग्रॅनाइट. ठिपक्यांचा, दाणा ज्वारीएवढा. त्यावर काट्याकुट्यांचा जाळ केला, की भाकरीच्या पापुद्र्यासारखा वरचा थर सुटतो. तिनं इथंही तेच केलं. शेतातून भिंतीसारखी सरळ गेलेली ती काळी धोंड, तिच्यावर दिवसभर जाळ घातला. फटाफट आवाज झाले, अन् थर कुठला, नुसती वेडीवाकडी ढेकळं! गड्यांनी टाळ्या पिटल्या. मला तर तोंड लपवावंसं वाटलं. सासू मात्र तिथंच कमरेवर हात ठेवून उभी.

खडक तपासायला येणारे एक साहेब हे बघत होते. म्हणाले, "बाई, दोन्ही दगड जमिनीच्या पोटातल्या तापल्या रसाचेच. तुमचा ग्रॅनाइट फार खोल, सावकाश निवला, म्हणून दाणा मोठा. हा डोलेराइट. भेगेतून वर घुसला, लवकर निवला, म्हणून दाणा बारीक आणि घट्ट. निवताना आक्रसून याला आरपार चिरा पडल्या. सुटला तर तिथूनच सुटतो."

"मग लाकडं जळेपर्यंत तोंड का शिवलं होतं तुमचं?" साहेबांनाही सोडलं नाही तिनं!

पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी हातानं चाचपत चीर शोधली, पहार घातली, आणि चांगला चौकोनी चिरा सुटला. मग छिन्नीचे घाव घालत तो घडवत बसली. दगड इतका कडक, की छिन्नीला घडीघडी धार लावावी लागे. तळहात सोलून निघाले. पण पाटा झाला. शेजारच्या मुरबे गावची येसूबाई मासळी विकायला आली होती, तिनं त्यावर मिरची-लसूण वाटून बोटानं चाटलं. "कच नाय लागत गो! माज्यासाठी पन एक कर."

मारुती आला, पाट्याकडं बघून म्हणाला, "चीर आधीचीच होती. तू काय केलंस? ही शर्त मी मानत नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासू सरळ गड्यांच्या रांगेत जाऊन बसली आणि नवा चिरा पुढ्यात ओढला.

"ऊठ!" मारुती ओरडला.

"उठव."

त्यानं गड्यांकडं पाहिलं. तिला उठवायला कुणी पुढं आलं नाही. एकानं उलट सरकून तिला जागा करून दिली.

सासूनं मान वर केली. "उजेडातून बाजूला हो रे. मला दगड दिसत नाही."

मारुती बाजूला झाला.