उकळलेल्या पाण्यातली हायड्रिला

आमच्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये, काविळीची साथ येऊन गेल्यापासून आई प्यायच्या पाण्याचा थेंबन् थेंब उकळायची. मी तेव्हा बारावी सायन्सला होते आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. उजेड वाढवला की वनस्पतीचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, हे मला बाबांना दाखवायचं होतं. तेही त्याच दिवशी, कारण त्यांचा कारखाना बंद पडला होता आणि दुपारच्या गाडीने ते मुंबईमार्गे मस्कतला नोकरीला निघणार होते.

हायड्रिला ही तळ्यातली पाणवनस्पती त्यांनीच आदल्या दिवशी गावाबाहेरच्या गोत्रीकडून सायकलवरून आणली होती. स्वच्छ पाणी म्हणून मी आईचं उकळून गार केलेलं पाणी बरणीत घेतलं, हायड्रिला त्यात बुडवली आणि बरणी गॅलरीतल्या उन्हात ठेवली. कापलेल्या देठातून प्राणवायूचे बुडबुडे यायला हवे होते. बाबा हातात घड्याळ घेऊन काचेला नाक लावून बसले. बुडबुडा काही येईना. मी मागून टेबललॅम्पही लावला.

"हिचीही फॅक्टरी बंद दिसते," बाबा म्हणाले. मला रडूच फुटलं.

त्यांची बॅग भरायची राहिली होती. आई दोनदा हाक मारून गेली, तरी ते उठले नाहीत. रिक्षा दारात आली तेव्हा उठले. "बुडबुडे आले की मला लिही," म्हणाले, शेजाऱ्यांना "आवजो" म्हणाले आणि गेले.

माझी चूक दुसऱ्या दिवशी बायॉलॉजीच्या बाईंनी सांगितली. पाणी उकळलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि तो नसेल तर कितीही ऊन दिलं तरी उपयोग नाही. तो मिळावा म्हणून घरी येऊन मी आईच्या ढोकळ्याच्या सोड्यातला चिमूटभर त्या पाण्यात घातला. थोड्या वेळाने बुडबुड्यांची रांगच लागली. ती एकटीने बघताना मला बाबांची इतकी आठवण आली की मोजायचंही राहून गेलं.

दोन वर्षांनी ते सुट्टीवर आले. मी मुद्दाम सगळं पुन्हा मांडलं. ते खुर्चीतूनच वाकले आणि "छान" म्हणाले, परक्याच्या मुलीचं कौतुक करावं तसे. मला माझे आधीचे बाबा हवे होते, आजही हवे आहेत. मग ते अंघोळीला निघाले आणि दाराशी थांबून त्यांनी आईला विचारलं, "मी टॉवेल कुठला घेऊ?"